पडद्यावरील संत आणि आपले अंगण : धर्मग्रामांत पाहण्याजोगे काही चित्रपट

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की लोहा, कंधार, अहमदपूर या भागांतील श्रद्धावंतांकडून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : यंदा कोणता चित्रपट दाखवावा? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर साधे नाही. शहरांतील धर्मग्रामांसाठी तयार झालेल्या चित्रपटांच्या याद्या भरपूर सापडतात. त्या याद्यांतील बहुतेक चित्रपट इंग्रजी, इटालियन किंवा फ्रेंच भाषेत आहेत, आणि आपला प्रेक्षक मराठी बोलणारा, क्वचित सीमेवरील तेलुगू समजणारा, दिवसभर शेतात राबून रात्री अंगणात सतरंजीवर येऊन बसणारा आहे. त्याला पडद्याच्या तळाशी पळणारी इंग्रजी अक्षरे वाचायला सांगणे म्हणजे जेवायला बोलावून ताट उंच फळीवर ठेवण्यासारखे आहे. म्हणून या लेखात आम्ही चित्रपटांची नावे सुचविताना दोनच गोष्टी पाहिल्या आहेत. पहिली, तो चित्रपट आपल्या माणसांपर्यंत मराठीतून पोहोचविता येईल का. आणि दुसरी, त्यातील संतापुढे उभा राहिलेला प्रश्न आपल्याही दारात उभा आहे का.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो आपल्या भाषेचाच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत, गिरगाव परिसरातील एका चित्रपटगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर ते लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाच्या जन्माशी ख्रिस्तचरित्राचा असा संबंध आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. आपल्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवांच्या बाजाराशेजारी तमाशाचे फड लागतात. यात्राजत्रांतून तंबूतला सिनेमा पाहिल्याच्या आठवणी आपल्याकडील जुन्या पिढीला आहेत. जमिनीवर बसून, शेजाऱ्याशी बोलत, मध्येच उठून चहा पिऊन येत चित्रपट पाहण्याची ही रीत आम्हांला कमीपणाची वाटत नाही. श्रद्धेचा चित्रपट पाहण्यास ती अधिक योग्य आहे, असे आमचे मत आहे.

ख्रिस्तसभेने या माध्यमाकडे आरंभापासून लक्ष दिले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या साधनांविषयी आदेश संमत केला. आणि चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनच्या समाजसंपर्कविषयक परिषदेने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन गटांत प्रत्येकी १५ चित्रपट तीत आहेत. त्यांपैकी मूल्यांच्या गटात रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आमच्या पुढील शिफारशींपैकी काही त्या यादीतील आहेत, काही नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू. एकच चित्रपट दाखविण्याची सोय असेल, तर आम्ही ‘द फेस ऑफ द फेसलेस’ हे नाव सुचवू. शैसन औसेफ यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२३ साली प्रदर्शित झाला. तो धन्य राणी मारिया यांच्या जीवनावर आहे आणि हिंदीत असल्यामुळे आपल्याकडील आजीबाईंनाही तो समजावून सांगावा लागत नाही. राणी मारिया मूळच्या केरळच्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या धर्मभगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर भागात आदिवासी व भूमिहीन मजुरांमध्ये काम करीत होत्या. सावकाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या कुटुंबांना त्यांनी बँकेची आणि सरकारी योजनांची वाट दाखविली, बचत करायला शिकविले, कागद कसा वाचावा हे सांगितले. ज्यांचा व्यवहार या अडाणीपणावर चालला होता त्यांना हे सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, इतर प्रवाशांच्या देखत, त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

या कथेचा दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे. समुंदर सिंग नावाच्या ज्या तरुणाने हे वार केले, त्याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांच्या सख्ख्या भगिनी, ज्या स्वतःही त्याच संघाच्या धर्मभगिनी आहेत, त्या २००२ साली तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. तो २००६ साली सुटला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. क्षमेचे प्रवचन आपण अनेकदा ऐकतो. परंतु मारेकऱ्याला राखी बांधणे हे आपल्या मातीतले कृत्य आहे. ते समजण्यासाठी युरोपचा इतिहास माहीत असावा लागत नाही. चित्रपट कलेच्या दृष्टीने सर्वत्र सारखा उंचीवर राहत नाही, काही ठिकाणी पार्श्वसंगीत जे सांगायचे ते आधीच सांगून टाकते. परंतु मराठवाड्यातील ज्या घराने सावकाराच्या वहीवर अंगठा उमटवला आहे, त्या घराला या धर्मभगिनीचे काम काय होते हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. समुंदर सिंगच्या परिवर्तनावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा २०१३ सालचा अनुबोधपटही आहे. मोठ्यांच्या गटात चर्चा करायची असल्यास तो जोडीने पाहावा.

प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपटांविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण गोंधळ तेथेच अधिक होतो. आपल्या भागात ‘दयासागर’ सर्वाधिक पाहिला गेला असावा. तो मुळात ‘करुणामयुडू’ हा १९७८ सालचा तेलुगू चित्रपट. ए. भीमसिंह यांनी तो दिग्दर्शित केला, विजयचंदर यांनी येशूची भूमिका केली आणि पटकथेत ख्रिस्तोफर कोएल्हो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा हात होता. देगलूर-बिलोली-धर्माबादकडील तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांना तो मूळ भाषेत आणि बाकीच्यांना हिंदीत पाहता येतो. त्यातील येशू भारतीय चेहऱ्याचा आहे, गाणी आहेत, भावना उघड आहेत. काही अभ्यासू मंडळी त्याला पौराणिक चित्रपटाच्या थाटाचा म्हणून नाक मुरडतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. फाळक्यांना ख्रिस्तात कृष्ण दिसला, तर तेलुगू दिग्दर्शकाला कृष्णपटाच्या भाषेत ख्रिस्त सांगावासा वाटला, यात गैर ते काय? १९७९ सालचा ‘जीझस’ हा चित्रपट लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला असून तो मराठीसह जगातील दोन हजारांहून अधिक भाषांत भाषांतरित झाला आहे. तो आपल्या कॅथलिक संस्थांनी केलेला नाही, हे सांगून ठेवावे. मात्र त्याचा आधार शुभवर्तमानाचा आहे.

आम्हांला या सर्वांहून अधिक मोलाचा वाटतो तो पिएर पाओलो पासोलिनी यांचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ हा १९६४ सालचा इटालियन कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शक स्वतः मार्क्सवादी आणि श्रद्धेपासून दूर गेलेले गृहस्थ. तरीही त्यांनी तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी व्यावसायिक नट टाळले. दक्षिण इटलीतील मातेरा या खडकाळ, दरिद्री गावातील शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बाया यांना कॅमेऱ्यापुढे उभे केले, आणि क्रुसाजवळील वृद्ध मरियेच्या भूमिकेत आपल्या जन्मदात्या आईला घेतले. ते रापलेले चेहरे, ते उघडे डोंगर आणि ती धूळ पाहताना आपण मे महिन्यातल्या मराठवाड्यात आहोत असे वाटते. आता भाषेचा प्रश्न. या चित्रपटातील जवळजवळ सर्व संवाद मत्तयाच्या शुभवर्तमानातून जसेच्या तसे घेतलेले आहेत. म्हणून आमची सूचना अशी : इंग्रजी अक्षरांकडे दुर्लक्ष करावे, आवाज कमी करावा आणि चांगले वाचणाऱ्या एका मुलीने किंवा मुलाने मराठी शुभवर्तमानातील तोच उतारा पडद्याशेजारी उभे राहून वाचावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ यासाठी उत्तम आहे. त्यातील मराठी कानाला परकी वाटत नाही. आधी एकदा सराव करावा लागतो, कोठे थांबायचे ते पेन्सिलीने खुणावून ठेवावे लागते. तेवढे केले तर चित्रपटाची पंचाईत न होता वाचनाची मिस्सा-पूर्व तयारीच होऊन जाते.

मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’विषयी आम्हांला सावधपणे लिहावे लागते, कारण तो २००४ पासून अनेक ठिकाणी दर गुड फ्रायडेला दाखविण्याचा प्रघात पडला आहे. एका गावी आम्हीही तो दाखविला होता. पुढच्या रांगेत लहान मुले बसली होती आणि आम्ही त्यांना उठविले नाही. फटक्यांच्या प्रसंगापाशी दोन मुली रडत घरी पळाल्या. त्यांतील एक पुढे कित्येक महिने क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला यायला तयार नव्हती. दोष चित्रपटाचा नव्हे, आमचा होता. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय या चित्रपटास प्रवेश नव्हता, ही गोष्ट आम्हांला आधी ठाऊक असावयास हवी होती. शुभवर्तमानांत फटक्यांचा उल्लेख अर्ध्या ओळीचा आहे. चित्रपटात तो प्रसंग कितीतरी मिनिटे चालतो. त्यातील काही तपशील शुभवर्तमानातील नसून धन्य ॲन कॅथरिन एमरिक यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या दृष्टान्तांतील आहेत. त्याचप्रमाणे यहुदी लोकांच्या चित्रणाविषयी झालेली टीका दुर्लक्षून चालणार नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुदी लोकांवर किंवा आजच्या यहुदी लोकांवर ठेवता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे. हा चित्रपट दाखवायचाच असेल, तर प्रौढांना दाखवावा आणि आधी एवढे सांगून दाखवावा. त्यात मरियेची भूमिका मात्र अतिशय संयत आहे, हे मान्य केले पाहिजे.

भाषेची अडचण सर्वांत कमी असणारा चित्रपट मूकपटच असणार. कार्ल ड्रायर यांचा १९२८ सालचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा केवळ चेहऱ्यांचा चित्रपट आहे. १४३१ साली जाळल्या गेलेल्या एकोणीस वर्षांच्या शेतकरी मुलीची चौकशी आणि मृत्यू एवढेच त्यात आहे. रेने फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा चेहरा पाहताना शब्द नसल्याची खंत वाटत नाही. मूळ प्रत आगीत नष्ट झाल्याचे मानले जात होते. १९८१ साली नॉर्वेतील ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात तिची जुनी प्रत सापडली. मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्या कोणीतरी मराठीतून मोठ्याने वाचाव्यात. मूकपटाच्या काळात निवेदक हेच करीत असत. एक गोष्ट तरुणांना आवर्जून सांगावी. जोनला शिक्षा देणारे न्यायासन धर्मगुरूंचे होते. १४५६ साली ख्रिस्तसभेने तो निकाल रद्द केला आणि १९२० साली तिला संतपद दिले. आपल्या इतिहासातील चूक आपण लपवीत नाही, हे मुलांना पडद्यावरून कळलेले बरे.

मोरीस क्लोश यांचा ‘मॉन्सिए व्हँसाँ’ हा १९४७ सालचा फ्रेंच चित्रपट संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्यावर आहे. त्याचा आरंभ विसरता येत नाही. नवे धर्मगुरू गावात येतात तर रस्ते ओस, दारे-खिडक्या बंद, आतून दगड फेकले जातात. साथीच्या भयाने गावाने एक घर बाहेरून बंद करून टाकलेले असते आणि आत मृत बाईजवळ तिची लहान मुलगी जिवंत असते. २०२० आणि २०२१ साली बंद दारांमागून आपण एकमेकांकडे जसे पाहिले, ते आठवणाऱ्यांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण लागणार नाही.

‘सायलेन्स’ हा मार्टिन स्कोर्सेसी यांचा २०१६ सालचा चित्रपट आम्ही बराच काळ सुचवीत नव्हतो. आता सुचवितो, परंतु फक्त प्रौढांच्या छोट्या गटासाठी. विषय सतराव्या शतकातील जपानमधील छळाचा आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी नातेसंबंध आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ साली संतपद मिळालेले ते भारतात जन्मलेले पहिले संत होत. या सव्वीस रक्तसाक्षींवर जपानमध्ये १९३१ साली मूकपटही निघाला होता. ‘सायलेन्स’ची कथा त्यानंतर सुमारे चार दशकांनी घडते. अधिकारी ख्रिस्ती खेडुतांपुढे प्रभूची प्रतिमा जमिनीवर ठेवतात आणि तिच्यावर पाय देण्यास सांगतात : पाय दिला तर सुटका, नाही तर मरण. काही मरतात. किचिजिरो नावाचा एक गरीब कोळी प्रत्येक वेळी पाय देतो आणि प्रत्येक वेळी रडत पापनिवेदनाला परत येतो.

किचिजिरोला हसणे सोपे आहे. परंतु आपल्या भागातील कित्येक कुटुंबे कोणत्या परिस्थितीत जगतात, ते आपणांस माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचे संरक्षण धर्माच्या अटीला बांधले गेले; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांसाठी ती अट सैल झाली, ख्रिस्ती दलितांसाठी झालेली नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहावा, हा प्रश्न आपल्याकडे तत्त्वज्ञानाचा नसून शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि नोकरीचा आहे. रविवारी मिस्सेला येणारा आणि कागदावर वेगळे लिहिणारा बाप आपल्यातच बसलेला असतो. हा चित्रपट त्याला दोषी ठरवीत नाही, निर्दोषही ठरवीत नाही. तो फक्त त्याला पडद्यावर जागा देतो. चित्रपट संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, किचिजिरोला फादर शेवटपर्यंत माफी देत राहिले ना? आम्ही हो म्हणालो. ते आणखी काही बोलले नाहीत. अशा बैठकीत प्रवचन करू नये, कोणाच्या कागदपत्रांची विचारपूस तर मुळीच करू नये.

झाव्हिए बोव्वा यांचा २०१० सालचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ अल्जीरियातील तिबिरीन येथील मठवासीयांवर आहे. मुसलमान शेजाऱ्यांच्या गावात हे थोडेसे ख्रिस्ती मठवासी शेती करून, मध विकून, रुग्णांना औषध देऊन राहत होते. हिंसाचार वाढला तेव्हा जावे की राहावे, यावर ते टेबलाभोवती बसून मते देतात. पहिल्या खेपेस त्यांच्यात एकमत होत नाही, आणि घाबरलेल्यांना कोणी भित्रा म्हणत नाही. १९९६ च्या मार्चमध्ये सात जणांचे अपहरण झाले, पुढे ते मारले गेले. २०१८ साली ओरान येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्यांना शेजार म्हणजे काय हे या चित्रपटाइतके शांतपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. संत थॉमस मोर यांच्यावरील ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) हा थोर चित्रपट आहे, परंतु त्याची सारी ताकद इंग्रजी संवादांत आहे; महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तो द्यावा, अंगणात लावू नये. ‘द मिशन’ (१९८६) मात्र अंगणात चालतो. त्यातील धबधबा, एन्यो मोरिकोने यांचे संगीत आणि जमिनीवरून हुसकावले जाणारे आदिवासी यांना फारसे भाषांतर लागत नाही.

ज्येष्ठ भगिनींसाठी एक वेगळे नाव. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरून विजया मेहता यांनी चित्रपट केला आहे. रेव्हरंड टिळक कॅथलिक नव्हते. परंतु नवऱ्याच्या धर्मांतराने एका मराठी स्त्रीच्या स्वयंपाकघरात काय उलथापालथ झाली, हे आपल्या भाषेत दुसऱ्या कोणी इतक्या खरेपणाने सांगितलेले नाही. तो मिळाल्यास सोडू नये.

व्यवस्थेविषयी थोडे. गुड फ्रायडेच्या सुमारास आपल्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात, घरी म्हातारी माणसे व लहान मुले तेवढी उरतात. म्हणून मोठा कार्यक्रम त्यांच्या परतीनंतर, मृगाच्या पावसाआधी ठेवावा. घराबाहेर सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. पाच-सहा कुटुंबांनी एका घरी बसून पाहणे सोयीचे आणि निर्धोक आहे. गावच्या चौकात पडदा बांधून ध्वनिवर्धक लावू नये. इतरधर्मीय शेजाऱ्यांना बोलवायचे असल्यास कोणता चित्रपट आहे व तो का पाहत आहोत, हे आधी घरी जाऊन सांगावे. पहिल्या बैठकीस राणी मारियांचा चित्रपट घ्यावा, दुसऱ्या बैठकीस मत्तयाचे शुभवर्तमान, वाचणाऱ्या मुलीसह. वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरी भरून ठेवावी, आणि चित्रपट संपल्यावर दिवा लावण्याची घाई करू नये. बोलावेसे वाटणारी माणसे अंधारात आधी बोलतात.